गल्लीत न लागलेला सिनेमा

ज्या वर्षी दाढीवाला कॅमेरा घेऊन गल्लीत आला, त्या वर्षी बटणवालीच्या नवऱ्याला जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं होतं. खोली पहिल्या मजल्यावर, जिना तो काय एवढासा. पण निम्म्यावर आला की तो कठडा धरून उभा राहायचा आणि खाली गल्लीकडे बघत बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जरा वारा खातोय." आता त्या गल्लीतला वारा काही खाण्यासारखा नव्हता.

गल्लीच्या दोन्ही अंगांना तळमजल्यावर कारखाने होते. कारखाने म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेल्या खोल्या, आत मोटरीवर गरगरणारी दगडी चाकं आणि चाकांसमोर उकिडवी बसलेली माणसं. रंगीत दगडाचे तुकडे चाकावर घासून त्यांचे मणी करायचे, हा तिथला धंदा. दगड घासला की त्याची पूड उडते, पिठाहून बारीक. ती भिंतींवर बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, मांजरांच्या पाठीवर बसायची. माणसं घरी येऊन अंग झटकायची. जे आत गेलं ते झटकता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलून काय होणार, म्हणून कुणी बोलत नसे.

बटणवाली ही त्याच गल्लीतली. शिवणकारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांना ती घरी बसून बटणं लावायची. त्यावरून हे नाव पडलं आणि मग दुसरं नाव कुणाच्या तोंडात राहिलंच नाही. शर्टावर पांढरी पूड दिसली की माल परत यायचा, म्हणून ती गठ्ठ्यावर जुनी चादर पांघरायची आणि एकेक शर्ट पोराला दुपट्यातून काढावं तसा काढायची. मूलबाळ तिला झालं नव्हतं. पण लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटा दीर जेमतेम नऊ वर्षांचा, पुढचा दात हलत असलेला. तो दात हिनंच दोरा बांधून काढला. त्या दिवसापासून पोरगा हिच्या मागे मागे. सासू म्हणायची, "जन्म मी दिला, पण हा ऐकतो तिचं. बरं आहे, मला तेवढाच आराम."

दाढीवाला सिनेमे काढायचा, पण नटनट्यांचे नव्हेत, खऱ्या माणसांचे. पैसा मोठ्या शहरातल्या एका दानशूर संस्थेचा होता. चांगला सिनेमा समाज बदलतो असं त्या संस्थेचं म्हणणं, आणि दाढीवाल्याचाही त्यावर मनापासून विश्वास होता. तो गल्लीत भाड्यानं राहिला, बटणवालीकडे जेवू लागला, जेवून आपलं ताट आपण घासू लागला. सासू त्याला म्हणाली, "समाज मागाहून बदल बाबा, आधी ती दाढी बदल. ताटात येते." तो हसला, पण दाढी काही काढली नाही.

कॅमेऱ्यासमोर बोलायला गल्लीत कुणी तयार होईना. मालकाच्या कानावर गेलं तर उद्यापासून चाक बंद. बटणवालीचा नवरा तेवढा हो म्हणाला. ती त्याच्यावर चिडली.

"सगळी गल्ली गप्प बसलीय आणि तुम्हालाच काय नडलंय?"

"मला काही नडलं नाही. मी गेल्यातच जमा आहे," तो सहज म्हणाला, जसं काही उद्या बाजारात जायचं आहे. "पण धाकट्याला मालक चाकावर बोलावतोय. ते मोटरींच्या वायंडिंगचं शिकणं सोड, इथं जास्त पैसे मिळतील म्हणतो. मी सांगतो ते त्याला भाऊ बोलतोय असं वाटतं. पडद्यावरून सांगितलं तर कदाचित ऐकेल."

मग तो बोलला. दिवसचे दिवस बोलला. धाप लागली की थांबायचा, दाढीवालाही थांबायचा. एका दुपारी त्यानं जिन्याखाली एक जुनं चाक मांडलं, वर पत्र्याचा डबा टांगला, डब्याच्या बुडाला भोक पाडून त्यात सुताची वात ओवली. वातीतून पाणी थेंब थेंब चाकावर पडू लागलं. दगड घासला तशी पूड उडायच्या ऐवजी तिचा चिखल झाला आणि खाली ओघळला. एवढीच गोष्ट. मालकानं असा डबा एकदा लाथेनं उडवला होता, कारण ओला मणी वाळवावा लागतो आणि काम रेंगाळतं. दाढीवाल्यानं ती सगळी दुपार कॅमेऱ्यात घेतली. मग शपथ घेतल्यासारखा म्हणाला, "सिनेमाचा पहिला खेळ इथंच. या गल्लीत, सगळ्यांसमोर."

सिनेमा पुरा व्हायच्या आतच नवरा गेला. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या देत होते, त्या तो नेमानं घेत होता. त्यांनी भूक तेवढी गेली. शेवटी शेवटी आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचा. तसाच बसल्या बसल्या गेला. बटणवाली शेजारीच शर्ट घेऊन बसली होती. तिला वाटलं, डोळा लागला. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की खोलीत फक्त तिच्या दोऱ्याचा आवाज येतोय.

महिनाही उलटला नाही आणि दीर चाकावर जायला निघाला.

"तू तिथं बसायचं नाहीस," ती दारात आडवी उभी राहिली.

"मग काय करू, वहिनी? वायंडिंगवाला मला अजून शिकाऊच म्हणतो. तुझ्या बटणांवर तीन माणसं जेवणार आहेत का?"

"एक वेळ जेवू."

"आईला सांग तसं."

सासू कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बटणवाली दारातून बाजूला झाली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या बाजूला होण्याचा राग येत राहिला.

मग एक दिवस दाढीवाल्याचा फोन आला. सिनेमा तयार होता. मोठ्या शहरात संस्थेनं खेळ ठेवला होता आणि तिला बोलावलं होतं, जायचं-यायचं, राहायचं सगळं संस्थेकडे.

"पहिला खेळ गल्लीत म्हणाला होतात," ती म्हणाली.

"होईल, ताई. हा आधी होऊ दे. यातूनच तो होईल."

ती गेली. सभागृह इतकं थंड होतं की तिनं दोन्ही हात बगलेत घालून घेतले. खुर्च्या मऊ, माणसं हळू बोलणारी. दिवे गेले आणि एकदम समोर तिचा नवरा. भिंतीएवढा. त्याच्या भुवईत अडकलेली पूडसुद्धा दिसत होती. तो खोकला तेव्हा खुर्चीच्या पाठीत तो खोकला जाणवला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सिनेमात तो असणार हे ठाऊक होतं, पण तो असा येईल, एवढा मोठा येईल आणि पलीकडून तिच्याकडे बघेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती उठून जायला निघाली, पण रांगेत गुडघे होते, सगळ्यांचे गुडघे ओलांडायला हवे होते. ती परत बसली.

सिनेमा सुंदर होता, हे तिलाही कळलं. ती डब्याची वाट बघत होती. आता येईल, आता येईल. नवरा बोलला, हसला, खोकला, जिन्यात थांबला, आकाश दिसलं आणि सिनेमा संपला. डबा आलाच नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कितीतरी जण रडत होते. तिला वर बोलावून हातात फुलं दिली आणि विचारलं, कसं वाटतंय. तिनं विचारलं, "हा आमच्या गल्लीत कधी दाखवणार?"

तिला वाटलं, उत्तर येईल. पुन्हा टाळ्या झाल्या.

नंतर बाहेरच्या बोळात संस्थेच्या मॅडम तिच्याजवळ आल्या. मध्यम वयाच्या, डोळे लाल झालेले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. "तुम्हाला खोटं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचा पैसा सिनेमा बनवण्यासाठी होता. गावोगावी दाखवायचा तर माणसं लागतात, गाडी लागते, बरोबर डॉक्टर लागतात. त्यासाठी मी मागितलं होतं, वरच्यांनी दिलं नाही. आणि पुढच्या वर्षापासून संस्था दुसऱ्या विषयाकडे वळतेय."

"कुठल्या?"

"पाण्याच्या."

"त्या डब्यात पाणीच होतं," बटणवाली म्हणाली.

"कुठल्या डब्यात?"

बटणवालीनं दाढीवाल्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

परतीच्या प्रवासात तो स्वतःहूनच बोलला. संस्थेच्या वरच्या लोकांनी कच्चा सिनेमा पाहिला होता. मधला भाग रेंगाळतो म्हणाले, शाळेत दाखवायच्या फिल्मसारखा वाटतो. माणूस दिसू दे, यंत्र कमी कर. "आणि मला पुढचं कामही हवं होतं, ताई. मी कापला तो भाग." फुलं तिनं वाटेत कुठंतरी सीटवरच ठेवली.

गल्लीत तोवर सिनेमाचे तुकडे फोनवरून पोचले होते. पूर्ण सिनेमा नव्हे. कुणीतरी कापलेले, दोन-दोन मिनिटांचे. त्यात मालकांच्या पाट्या ओळखू येत होत्या. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं तिथूनच विचारणा केली, ही कसली जागा, इथून आमचा माल येतो का? मालक एकत्र जमले. पंधरवड्याच्या आत प्रत्येक कारखान्याच्या रस्त्याकडच्या तोंडावर प्लायवूड ठोकलं गेलं. बाहेरून आता काही दिसेना. गल्ली एकदम स्वच्छ झाली. दोरीवरचे कपडे पांढरे पडेनात, मांजरं आपापल्या रंगाची दिसू लागली.

पूड आत होती. आधी निदान निम्मी रस्त्यावर यायची, आता सगळी आतच फिरत होती.

समोरच्या खोलीतल्या बाईचा नवराही चाकावर होता. ती आणि बटणवाली एकाच नळावर पाणी भरत आलेल्या. एका सकाळी ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या माणसाला मोठ्या पडद्यावर बघून आलीस, झालं ना समाधान? आमची माणसं पेटीत बंद केलीस." नळावरच्या बाकीच्या बायांनी तिच्याकडे पाठ फिरवली. बटणवालीचा हंडा भरून वाहत होता, तिला नळ बंद करायचं सुचेना.

दिराला मालकानं काढून टाकलं. तुमच्या घरात कॅमेरे येतात म्हणाला. दीर गल्लीच्या टोकाच्या एका गुदामात चाकावर लागला. तिथं आधीपासूनच खिडकी नव्हती. संध्याकाळी तो यायचा तेव्हा डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या काळ्या दिसायच्या. सासू त्याला बादलीजवळ उभं करून डोक्यावर पाणी ओतायची आणि पुटपुटायची, "लग्नाचं वय झालंय आणि मी याला अजून अंघोळ घालतेय." एक दिवस पुटपुटताना तिचा आवाज फाटला. मग तिनं नुसतंच पाणी ओतलं.

दिराचा खोकला सुरू झाला. कोरडा, छोटा, बोलता बोलता मध्येच येणारा. तो बटणवालीला ओळखीचा होता.

ती मॅडमना फोन करू लागली. पहिल्यांदा मॅडम बोलल्या, प्रयत्न करते म्हणाल्या. नंतर मीटिंगमध्ये आहे म्हणाल्या. मग फोन नुसताच वाजत राहू लागला. तरी ती रोज लावायची, गठ्ठा आवरून झाला की लावायची. लागला नाही की परत लावायची. तिला आता सिनेमाचं काही पडलं नव्हतं. सगळ्या जगात या दिराला चाकावरून उठवू शकेल असं तिच्या ओळखीचं एवढं एकच मोठं माणूस होतं, म्हणून ती तो नंबर दाबत होती.

दाढीवाला मात्र आला. कुणाच्या पैशानं आला ठाऊक नाही, पण उसना प्रोजेक्टर घेऊन आला. "दिलेला शब्द आहे," म्हणाला. सुट्टीची दुपार ठरवली. बटणवालीनं खिडकीवर गोधडी टांगली, शर्टांवरची चादर धुऊन भिंतीवर ताणली, शेजारून सतरंज्या मागून आणल्या. घरोघरी जाऊन सांगून आली. बाया हो हो म्हणाल्या. पण त्याआधीच मालकांचा निरोप गल्लीत फिरला होता: बघायला जाईल त्यानं सोमवारी येऊ नये.

कुणी आलं नाही. दाढीवाल्यानं दोनदा खाली जाऊन बघितलं. खोलीत बटणवाली, सासू, तो आणि रिकाम्या सतरंज्या. दीरही नव्हता, सकाळपासूनच कुठं निघून गेला होता.

"लाव," सासू म्हणाली. "मी आलेय ना."

तिनं सिनेमा पाहिला नव्हता. चादरीवर तिचा मुलगा उमटला. चादरीला मधोमध एक शिवण होती, ती त्याच्या गालावरून जात होती. सासू पुढं सरकत सरकत अगदी भिंतीशी जाऊन बसली. तो खोकला की ती म्हणायची, "पाणी घे." तो चाकावर वाकला की म्हणायची, "पाठ सरळ ठेव रे, रात्री दुखेल." दाढीवाल्याला ते ऐकवेना, तो बंद करायला उठला. बटणवालीनं त्याचं मनगट धरलं. "राहू दे. तिचं बोलणं होऊ दे."

सिनेमा संपता संपता दीर आला. भिंतीकडे न बघता कोपऱ्यात जाऊन पडला आणि खोकू लागला. दाढीवाल्यानं त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यानं तो खोकला ऐकला, बरगड्या पाहिल्या आणि डोकं हातात धरून बसला. मग लॅपटॉप उघडून, शोधून शोधून त्यानं ती दुपार काढली. जिन्याखालचं चाक. पत्र्याचा डबा. सुताची वात. फक्त हात दिसत होते आणि आवाज येत होता: "वात फार घट्ट ओवू नका, पाणी अडेल."

दीर कोपऱ्यातून उठून बसला. शेवटपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी दाखवायला हवं होतं." आवाजात राग नव्हता, आणि तेच दाढीवाल्याला लागलं.

"हे माझ्या फोनवर घालून द्या," बटणवाली म्हणाली.

त्या तुकड्यात कुणाचं तोंड नव्हतं, मालकाची पाटी नव्हती. तो बघायला कुणाच्या घरी जावं लागत नव्हतं. समोरचीनं तो घेतला, तिच्याकडून दुसरीनं, आणि नळावर बोलणं पुन्हा सुरू झालं. दोन कारखान्यांत डबे टांगले गेले. कामाचा वेग कमी झाला म्हणून एका ठिकाणचे काढले, तर तिथल्या माणसांनी चार दिवस चाकं फिरवली नाहीत. तेव्हा परत टांगले. दिरानंही गुदामात टांगून पाहिला. तिथल्या मालकानं लाथ मारली. गुदामात तो एकटाच अडून बसला, आणि एकट्याचं कोण ऐकतो?

मॅडम आल्या त्या असंच मध्येच, न कळवता. एका दुपारी जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि दारात त्या उभ्या. घामेजलेल्या, चेहरा ओढलेला. बटणवालीनं चादर बाजूला करून जागा करून दिली.

"तुमचे फोन मी उचलले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. मी वरच्यांशी भांडले. आपण सिनेमा काढून निघून आलो आणि तिथं दारं बंद झाली, हे त्यांना सांगितलं. दोन वर्षांचं काम मिळालंय. एक्स-रेची गाडी, डॉक्टर, गल्लीत एक खोली, त्यात एक नर्स कायमची. आणि तो कापलेला डब्याचा भाग, मी आता पाहिला, तो सगळ्या वस्त्यांमधून दाखवायचा. अजून काय हवं ते तुम्ही सांगा, म्हणून आले."

बटणवालीनं सुई शर्टात टोचून ठेवली. "माझ्या दिराला दुसरं काम द्या."

मॅडमनी रुमालानं कपाळ टिपलं.

"दुसरं काही नको मला. तुमच्याकडे एवढी मोठी इमारत आहे. तिथं झाडू मारेल. वायंडिंग अर्धं शिकलाय."

"एका माणसासाठी आम्हाला असं करता येत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "एकाला दिलं की... सगळ्यांसाठी काही करता येतं. एकासाठी नाही."

"सिनेमा तर एकाचाच काढला होता."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं. सासूनं त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच गार झाला. निघताना त्यांनी बटणवालीचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तिची बोटं हातात नुसती पडून होती.

एक्स-रेची गाडी आली तेव्हा मालकांनी पुन्हा धमकावलं, पण आता बाया रांगेत उभ्या होत्या आणि नवऱ्यांना ओढून आणत होत्या. दिराला बटणवालीनं नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं फिल्म उजेडासमोर धरली आणि खाली ठेवली. काळं असायला हवं तिथं पांढरं होतं, भुरभुरलेलं. टीबी नव्हे, दगडाची पूड, त्यानं सांगितलं. यावर औषध नाही. धूळ आजपासून बंद, उद्यापासून नव्हे.

"बंद केली तर बरा होईल?" तिनं विचारलं.

"आजार आहे तिथं थांबला तरी खूप."

दिरानं चाक सोडलं. वायंडिंगवाल्याकडे उभं राहायची ताकद राहिली नव्हती. मग तो वहिनीशेजारी बसून बटणं लावू लागला. गल्लीतले दोस्त चिडवायचे, तो म्हणायचा, "हसा, तुमच्या शर्टाला मुद्दाम कच्चा दोरा घालतो." सुरुवातीला चारही भोकांतून दोरा घालताना त्याची जीभ बाहेर यायची. पुढे हात बसला. फक्त काही वेळानं थांबायचा, शर्ट मांडीवर ठेवून तोंड उघडं टाकून हवा घ्यायचा. बटणवाली त्या वेळी वर बघायची नाही. बघितलं की तो लाजायचा.

दोन वर्षं नर्स गल्लीतल्या खोलीत बसली. आणखी काही कारखान्यांत पाणी आलं, एकदोन ठिकाणचं प्लायवूडही निघालं. निम्मी गल्ली तशीच बंद राहिली. आत आता कुठून कुठून लांबून आणलेली नवी माणसं बसत होती. नर्स त्यांच्या दारातही जायची, कधी हाकलून द्यायचे, कधी आत घ्यायचे.

दोन वर्षं संपत आली तेव्हा मॅडमचा फोन आला. आवाज दबलेला. काम पुढं चालू ठेवायला वरचे तयार नव्हते. त्यांना बघायला काहीतरी हवं होतं.

"छोटीशी फिल्म," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांची. तुमच्या दिराची. मोठा भाऊ गेला, धाकटा असा बसलाय. हे पाहिलं की ते नाही म्हणणार नाहीत. मला हे विचारायला लाज वाटतेय. पण नर्सची खोली वाचेल."

फोनचा आवाज मोठा होता, दिरानं सगळं ऐकलं. सुई थांबवून तो म्हणाला, "येऊ दे त्यांना. माझं काय जातंय, वहिनी?"

बटणवालीनं त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता, हसताना मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. तिला ते थंड सभागृह दिसलं आणि भिंतीएवढा तिचा माणूस. त्याच्या जागी हा. आणि आपण पुन्हा त्याच रांगेत, लोकांच्या गुडघ्यांमागे.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "याला नाही घ्यायचं. दुसरं काहीही घ्या. माझी घ्या."

"तुमची मी सुचवली होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यांना तो हवाय."

"मग नाही."

दीर त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. सासूनंही विचारलं, "पाच मिनिटांनी काय झिजला असता?" तिनं गठ्ठ्यातून पुढचा शर्ट काढला. पुढच्या महिन्यात नर्सनं खोलीतलं सामान बांधलं. याच कारणानं की आणखी कशानं, हे कुणी कळवलं नाही. मॅडम अजून फोन करतात, अजून भांडतेय म्हणतात. खरंच भांडत असाव्यात.

नर्स गेल्यावर काही दिवसांनी नळावर समोरची म्हणाली, "ह्यांना परत लागतेय धाप. नर्सबाई कधी येणार, काही कळलं का?"

नुसतं ठाऊक नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. बटणवालीनं तिला सगळं सांगितलं. काय मागितलं होतं, काय नाकारलं.

समोरचीनं हंडा नळाखालून काढला, बाजूला ठेवला आणि ओट्यावर बसली.

"माझ्या माणसाला मागितलं असतं तर मीही नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "काय माहीत. कदाचित हो म्हटलं असतं."

पाणी जायची वेळ झाली होती. बटणवालीनं आपला हंडा नळाखाली लावला.